अजगराची पिल्ले आणि वाढीची वही

आपल्या बोलीत ‘अजगर’ हा शब्द प्राण्यापेक्षा माणसालाच अधिक लावला जातो. दिवसभर लोळणारा तो अजगर! ‘अज’ म्हणजे बोकड आणि त्याला गिळणारा तो अजगर, अशी या शब्दाची फोड आहे. महाभारताच्या वनपर्वात शापित नहुष अजगर होऊन भीमाला विळखा घालतो. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये अजगरही आहे, कारण आपोआप मिळेल त्यावर तो निर्वाह करतो. पैठणच्या एकनाथांनी याच स्कंधावरील टीका १५७३ मध्ये वाराणसीत पूर्ण केली. तेव्हा मराठवाड्याच्या वाचकाला अजगर परका नाही. मात्र त्याची पिल्ले वाढतात कशी आणि ती वाढ मोजावयाची कशी, याचा विचार सहसा होत नाही. तो या लेखात करावयाचा आहे.

अजगराची मादी उन्हाळ्यात अंडी घालते आणि त्यांभोवती वेटोळे घालून सुमारे दोन महिने बसून राहते. थंडी वाटली की ती आपले स्नायू आखडून अंगाला झटके देते आणि त्यातून अंड्यांना ऊब मिळते. १८४१ मध्ये पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात व्हॅलेन्सिएन याने ही ऊब तापमापकाने मोजली. १९६६ मध्ये न्यूयॉर्क येथील प्रयोगांनी तिला दुजोरा दिला. ज्याला आपण आळशी म्हणतो, तो प्राणी पिल्लांसाठी असे कष्ट घेतो.

अंड्यातून निघालेले पिल्लू दीड ते दोन फूट लांब असते. पोटात बलकाचा साठा असल्यामुळे पहिली कात टाकेपर्यंत ते बहुधा काही खात नाही. पुढे वाढ होते ती वयाने नव्हे, तर अन्नाने आणि उबेने. एकाच वेळी जन्मलेल्या दोन भावंडांत वर्षभरात मोठा फरक पडू शकतो. थंडीत अजगर भक्ष्य नाकारतो, कारण अंग गार असता गिळलेले पचत नाही. उलट, पोटभर जेवणानंतर त्याचे शरीर आश्चर्यकारक वेगाने कामाला लागते. ब्रह्मदेशी अजगराच्या हृदयाचे वजन जेवणानंतर ४८ तासांत सुमारे ४० टक्क्यांनी वाढते, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. पचन संपले की ते पूर्ववत होते.

म्हणूनच वाढीची वही ठेवताना काही पथ्ये पाळावी लागतात. पिल्लू कापडी पिशवीत घालून तोलावे आणि पिशवीचे वजन वजा करावे. जेवल्यानंतर लगेच तोलल्यास भक्ष्याचेच वजन वाढ म्हणून नोंदले जाते; म्हणून विष्ठा टाकल्यानंतरच तोलावे. लांबी पाठीच्या कण्यावरून दोरी फिरवून घ्यावी. टाकलेली कात मोजू नये, कारण ती निघताना ताणली जाते आणि सापापेक्षा लांब भरते. दिनांक, भक्ष्य, नकार, कात आणि तापमान ही सारी माहिती एकाच ओळीत यावी. आकडे वाचतानाही तारतम्य हवे. समजा, १०० ग्रॅमचे पिल्लू १५० ग्रॅमचे झाले, तर वाढ ५० टक्के. १००० ग्रॅमचे १०५० झाले, तर ५ टक्के. ग्रॅम तेवढेच, अर्थ निराळा. शिवाय भराभर खाऊ घालून आकडा फुगवता येतो, पण ती चरबी असते, आरोग्य नव्हे.

ही वही कोणी ठेवावी? घरी कोणीही नव्हे. भारतीय अजगर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला पकडणे वा पाळणे हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. परदेशी जातींच्या अनेक अजगरांचीही नोंदणी करावी लागते. कायदा बाजूला ठेवला तरी अमेरिकेतील फ्लोरिडाचा धडा पुरेसा आहे. तेथे हौसेने आणलेले ब्रह्मदेशी अजगर मोठे झाल्यावर काही मालकांनी सोडून दिले. २०१२ च्या एका अभ्यासानुसार, त्यांचा वावर असलेल्या दलदलीच्या प्रदेशात रॅकून या प्राण्याचे दर्शन ९९ टक्क्यांहून अधिक घटले होते. तेव्हा पिल्लांची वही सर्पोद्यानांनी आणि परवानगी असलेल्या अभ्यासकांनी ठेवावी, हेच योग्य.

मग आम्हा युसूफ वडगावकडील विद्यार्थ्यांना या ज्ञानाचा उपयोग काय? माझ्या मते फार मोठा आहे. आमच्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. उसाच्या फडात पाचटाखाली जाड, ठिपकेदार साप दिसला की कोणीतरी म्हणतो, “अजगराचे पिल्लू आहे,” आणि हात पुढे करतो. पण ती पुष्कळदा घोणस असते, आणि घोणशीच्या पिल्लालाही जन्मतःच विष असते. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या गोल ठिपक्यांच्या तीन ओळी असतात, खवले खरखरीत असतात आणि ती कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार सोडते. अजगराचे चट्टे वेडेवाकडे व मोठे, अंग गुळगुळीत, आणि डोक्यावर भाल्याच्या पात्यासारखी खूण. ही लक्षणे दुरून ओळखण्यासाठी आहेत, हातात घेऊन पडताळण्यासाठी नाहीत. शंका आली तर दूर व्हावे आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

आपल्यापैकी अनेकांचे आईवडील आज ना उद्या कोयता घेऊन फडात उतरतील. वाढीची वही आपल्या हाती नसली, तरी ही ओळख त्यांच्यापर्यंत पोहोचविणे आपल्या हाती आहे. ते आपण या सुट्टीतच करावे, एवढीच विनंती.