टोपी घालून येणारं मूल आणि गळणारे केस



वर्गातल्या एखाद्याचे केस विरळ व्हायला लागले की मुलं विचारतात, "बाई, याला कॅन्सर झालाय का?" आणि मोठी माणसं हळूच विचारतात, "आपल्या मुलाला लागण तर होणार नाही ना?" खवले आणि खाज असलेला डोक्यातला नायटा पसरतो, हे खरं. औषधामुळे गळणारे केस मात्र कुणालाही 'लागत' नाहीत.

आपली रोगप्रतिकारशक्ती जंतूंशी लढते. पण काही आजारांत ती स्वतःच्याच शरीरावर उलटते. मूत्रपिंड बदललं तर त्यालाही परकं समजते. तिला आवरायला जी औषधं देतात त्यांना इम्युनोसप्रेसंट म्हणतात. आपल्या वयोगटात नेहमी आढळणारं उदाहरण नेफ्रोटिक सिंड्रोमचं. यात लघवीतून प्रथिनं जातात, डोळ्यांभोवती सूज येते. आधी स्टेरॉइड देतात. आजार वारंवार उलटला तर काही मुलांना सायक्लोफॉस्फमाइड देतात. हे औषध भराभर वाढणाऱ्या पेशींना अडवतं आणि केसाच्या मुळाशी अशाच पेशी असतात. रोज 50 ते 100 केस गळणं कुणाचंही चालूच असतं, इथे ते पुंजक्याने येतात. औषधाचा कोर्स संपला की काही महिन्यांत केस बहुधा परत येतात.

सगळी औषधं सारखी नाहीत. टॅक्रोलिमसने केस गळू शकतात, तर त्याच कामाच्या सायक्लोस्पोरिनने उलट चेहऱ्यावर, हातांवर केस वाढतात. मुलीला तेही तितकंच बोचतं, हे आपण विसरतो. सांध्यांच्या आजारात आठवड्यातून एकदाच घ्यायच्या मेथोट्रेक्सेटने केस थोडे पातळ होतात. सोबत फॉलिक अॅसिड देतात ते असे त्रास कमी व्हावेत म्हणून.

पालकांनो, केसांसाठी गोळी मनाने बंद करू नका. आजार उलटतो, बदललेलं मूत्रपिंड शरीर नाकारू शकतं. डॉक्टर डोस किंवा औषध बदलू शकतात, त्यांना सांगा. अॅझाथायोप्रिन सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत केस एकदम झडले तर त्याच दिवशी फोन करा. पांढऱ्या पेशी घटल्याची ती खूण असू शकते, रक्त तपासावं लागतं.

शाळेत टोपी, रुमाल खुशाल राहू द्या, प्रार्थनेलासुद्धा. वर्गाला काय सांगायचं ते आधी त्या मुलाला आणि आईला विचारा. आणि वर्गात कुणाला कांजिण्या किंवा गोवर निघाला तर या मुलाच्या घरी त्याच दिवशी कळवा. संपर्कानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच डॉक्टरांना बचावाचा उपाय करता येतो.