ताई, उद्या तुम्हीच ना?

भंडारा जिल्ह्यातल्या एका संस्थेच्या मुलांच्या आणि मुलींच्या बालगृहांत मी काळजीवाहक म्हणून काम करते. नवीन आलेली मुलं काही दिवस मॅडम म्हणतात, मग आपोआप ताई म्हणू लागतात. संस्थेचं नाव आणि मुलांची ओळख इथे देत नाही. बालन्याय कायद्याच्या कलम ७४ नं तशी मनाई आहे, आणि ती नसती तरी मी दिली नसती. या कामात जे उमगलं, ते जसं आठवेल तसं लिहिते आहे.

१. नवीन आलेलं मूल पहिल्या रात्री सहसा रडत नाही. ते रडेल म्हणून मी सुरुवातीला जागत बसायची, आणि ते मूल माझ्याइतकंच जागं असायचं. ते बघत असतं. कडी कोण लावतं, मोठी पोरं कुठे झोपतात, सकाळी पुन्हा खायला मिळणार की नाही. सापडल्यापासून चोवीस तासांत त्याला बाल कल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. म्हणजे पोलीस ठाणं, दवाखाना, समितीची खोली आणि मग आमचं फाटक, अशा अनोळखी जागा त्यानं एका दिवसात पाहिलेल्या असतात. रडायलाही ओळखीचं माणूस लागतं. आठवड्या-दोन आठवड्यांनी ते एखाद्या क्षुल्लक कारणावरून हंबरडा फोडतं, तेव्हा आम्ही आपसांत म्हणतो, ‘आता रुळलं.’ रुळल्यावरही खात्री लागतेच. आमच्या जेवणघरात आठवड्याच्या जेवणाचा तक्ता लावलेला आहे. बारकी पोरं तो मला रोज वाचायला लावतात. सगळा पाठ असतो, तरी. गुरुवारीही आपण इथेच असू आणि भात शिजलेला असेल, एवढं त्यांना माझ्या तोंडून ऐकायचं असतं.

२. आमच्याकडची बरीच मुलं अनाथ नाहीत, याचं मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं. मी काय काम करते हे सांगितलं की लोक हळहळतात, ‘आईबाप नसलेली लेकरं!’ पण भेटीच्या दिवशी फाटकापाशी आया उभ्या असतात. कुणाचा नवरा गेलेला, कुणाचा दारूपायी असून नसल्यासारखा, स्वतःची धानाची बांधी नाही, राहायला भावाच्या घरची पडवी. एका मुलाची आई आषाढ-श्रावणात येत नाही. ते रोवणीचे दिवस. भंडाऱ्यात वर्षाचा सगळा हिशेब धानावर, आणि हाताला सलग मजुरी मिळायचे दिवस तेवढेच. मुलाला हे समजतं. तरी भेटीच्या दिवशी तो सकाळीच आंघोळ करून, केस पाण्यानं चापून बसवून ओट्यावर बसतो. रोवणी आटोपली की ती येते. पायाच्या बोटांत चिखल्या झालेल्या असतात. आल्या आल्या पहिल्यांदा त्याची नखं कापते, मग बोलते. तिला पाहिल्यापासून ‘आईनं टाकलेलं मूल’ हे शब्द मी कुणाच्याही बाबतीत वापरत नाही.

बालन्याय कायद्याच्या कलम ३ मध्ये स्वच्छ लिहिलं आहे की मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. त्याआधीचे उपायही आहेत. राज्याच्या बालसंगोपन योजनेत एका मुलामागे महिन्याला १,१०० रुपये मिळायचे, ते २०२३ मध्ये २,२५० झाले. एवढ्या पैशात एखादं लेकरू आईजवळ राहू शकतं. पण दाखले, गृहभेट, समितीचा आदेश, बँकेतलं खातं या वाटेवर रोजमजुरीच्या बाईनं किती दिवस बुडवायचे? निव्वळ गरिबीमुळे मूल आईपासून दूर राहावं, हा मला अन्याय वाटतो. त्याच व्यवस्थेतून माझा पगार येतो, तरीही वाटतो.

३. ज्या मुलाचा माझ्यावर विश्वास बसत चाललेला असतो, त्याचाच राग माझ्यावर सगळ्यात जास्त निघतो. समुपदेशक मॅडमनी हे सांगितलं तेव्हा पटलं नव्हतं. एक मुलगी आल्यापासून प्रत्येक गोष्टीला ‘हो ताई’ म्हणायची. सगळ्यांना ती गुणी वाटायची. एका दुपारी तिनं भरलं ताट भिरकावलं, माझ्या आईचा उद्धार केला आणि अंगावर धावून आली. आजवर जो कुणी तिच्यावर चिडला, तो तिला सोडून गेला होता. दुसऱ्या दिवशी मी येते का, हे तिला पाहायचं होतं. मी गेले. रोजच्यासारखी तिची वेणी घातली आणि ताटाचा विषय संध्याकाळी, ती शांत असताना काढला. संस्थेत मुलावर हात उगारणं हा कलम ८२ प्रमाणे गुन्हा आहे, पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड. प्रशिक्षणात हे शिकवतात. शिव्या खात जागच्या जागी उभं कसं राहायचं, ते मी तिच्यासमोर शिकले.

रात्री दिवे मालवताना कुणीतरी विचारतंच, “ताई, उद्या तुम्हीच ना?” माझी पाळी नसेल तर मी स्पष्ट सांगते, उद्या नाही, परवा. क्षणभर चेहरा पडतो, पण परवा मी दिसले की तो हिशेब त्यांच्या लक्षात राहतो. या मुलांना ‘येतो’ म्हणून न आलेली माणसं खूप भेटलेली आहेत.

४. कागद जमवणं हीसुद्धा माया आहे. मी कामाला लागले तेव्हा वाटायचं की माया म्हणजे भरवणं, जोजवणं, कपाळावर हात ठेवणं. आता माझा कितीतरी जीव जन्मनोंद, आधार, बँकेचं पासबुक आणि शाळेचा दाखला यांत गुंतलेला असतो. जातीच्या दाखल्याचं तर विचारूच नका. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. वैनगंगेकाठच्या एका ढिवराच्या पोराचा आजा जन्मभर मासे धरत होता, हे सगळ्या गावाला ठाऊक. पण कोतवाल बुकात किंवा शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात त्याचं नाव सापडत नाही तोवर नातवाला दाखला नाही. ज्या मुलाला बापाचंच नाव माहीत नाही, त्यानं आजाचं नाव कुठून आणायचं? हा प्रश्न अमृता करवंदे या अनाथाश्रमात वाढलेल्या मुलीनं सरकारपुढे ठेवला. स्पर्धा परीक्षेत गुण मिळूनही ती कुठल्याच रकान्यात बसत नव्हती. तिच्या पाठपुराव्यामुळे महाराष्ट्रानं २०१८ मध्ये अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का आरक्षण दिलं. त्याचा लाभ घ्यायचा तर अनाथ प्रमाणपत्र हवं, आणि मूल आमच्या छपराखाली असतानाच ते निघालं पाहिजे. एकदा ते बाहेर पडलं की त्याच्यासाठी कचेरीच्या पायऱ्या चढणारं कुणी नसतं.

५. भावंडं एकत्र येतात आणि दोन फाटकांतून आत जातात. मुलींचं बालगृह वेगळं, मुलांचं वेगळं, कधी दुसऱ्या गावाला. आईबापांपेक्षाही धाकट्या बहिणीसाठी झुरणारी पोरं मी पाहिली आहेत, कारण तिला सांभाळायचं काम त्यांच्याकडे होतं आणि ते एकाएकी हातातून गेलं. राखी पोस्टानं येते. म्हणून मी मंडईच्या रजेसाठी आग्रह धरते. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, दंडार होते, रात्रभर नाटक चालतं, लेकीबाळी माहेरी येतात. एखादी मावशी-आत्या दोघांना न्यायला तयार असली आणि समितीनं परवानगी दिली, तर भाऊबहीण दोन दिवस एका घरात झोपतात. परतल्यावर पोरगं चार दिवस गप्प असतं. तरीही पाठवावंच, असं माझं ठाम मत आहे.

६. अठरावा वाढदिवस आमच्याकडे कुणाला नको असतो. बाहेरच्या मुलांना त्या वयात मोटारसायकल हवी असते. आमच्याकडची सतराव्या वर्षापासून झोप हरवून बसतात. कायद्यात अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची, सोय आहे, एकविसाव्या वर्षापर्यंत आणि अपवाद म्हणून तेविसाव्यापर्यंत. मिशन वात्सल्यमध्ये त्यासाठी महिन्याला चार हजारांची तरतूदही आहे. पण इतकी वर्षं प्रत्येक गोष्ट घंटेवर झालेली असते. किराणा आम्ही आणलेला, दवाखान्यात आम्ही नेलेलं, फॉर्म आम्ही भरलेले. खोली भाड्यानं घ्यायला गेलं की मालक विचारतो, ‘गाव कोणतं? घरी कोण असते?’ आणि पोरगं तिथेच अडतं. म्हणून आता मोठ्या मुलांना मी बाजाराला सोबत नेते, पिशवी आणि पैसे त्यांच्या हातात देते आणि मागे उभी राहते. बाहेर पडलेल्यांचे फोन येतात तेही असेच. एकाचा भर दुपारी आला, “ताई, भाताले पानी किती टाकू?” धानाच्या जिल्ह्यात वाढलेलं पोर, आणि त्यानं कधी भात टाकलेला नव्हता.

अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी दिव्यांग अनाथांना अठरानंतरही आपल्याजवळ ठेवलं, त्यांना आपलं आडनाव दिलं. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जळगाव रेल्वे स्थानकावर कचऱ्यात सापडलेली त्यांची दृष्टिहीन मानसकन्या माला पापळकर त्याच वर्षी लोकसेवा आयोगाची लिपिक पदाची परीक्षा उत्तीर्ण झाली. अशा मुलांना अठरानंतरही संस्थेत राहू देणारा कायदा करा, हे शंकरबाबा वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. ते मान्य व्हायला हवं.

७. आम्ही येतो ते खूप उशिरा. मूल आमच्या फाटकापर्यंत पोहोचतं, त्याच्या कितीतरी आधी शेजाऱ्यांना, अंगणवाडीच्या ताईंना, गुरुजींना काहीतरी खटकलेलं असतं. शाळा सुटते, अंगावर वळ दिसतात, चौदा-पंधराच्या पोरीच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. मुलांसाठीच्या १०९८ या मदत क्रमांकावर दिवसारात्री केव्हाही फोन करता येतो. याशिवाय प्रत्येक गावात ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी, सरपंच तिचे अध्यक्ष असतात. तुमच्या गावच्या समितीत कोण कोण आहे आणि तिची शेवटची बैठक कधी झाली, एवढं या आठवड्यात ग्रामपंचायतीत जाऊन विचारा.