खिडकी बंद करण्याआधी

२०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या वेळी मुंबई विद्यापीठाने सगळ्या शाखांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचा निर्णय घेतला. कल्पना चांगलीच होती. गठ्ठे इकडून तिकडे न्यायचे नाहीत, शिक्षकांनी सोयीच्या केंद्रावर बसून तपासायचं, बेरजेची चूक यंत्र होऊ देणार नाही. पण पेपर सतरा लाखांहून जास्त, परीक्षा तोंडावर आलेल्या, स्कॅनिंगची घडी बसलेली नाही आणि शिक्षकांचा हातही त्यावर बसलेला नाही. कुलपती असलेल्या राज्यपालांनी निकालासाठी ३१ जुलैची मुदत दिली, तीही टळली. कॉलेजांतलं शिकवणं बाजूला ठेवून शिक्षक तपासायला बसले, तरी काही निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. या सगळ्याचं खापर तंत्रज्ञानावर फोडणं मला पटत नाही. नवी वाट चालून बघण्याआधीच जुनी बंद केली, हे दुखणं होतं. एका शाखेचे पेपर आधी पडद्यावर तपासले असते, बाकीचे त्या वर्षापुरते हातानेच राहिले असते, तर चूक त्या शाखेपुरती राहिली असती.

डिलाईल रोडच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. त्याच्या रस्त्यावरचा लोअर परळचा पूल जुलै २०१८ मध्ये बंद झाला, तो पूर्ण खुला व्हायला २०२३ चा नोव्हेंबर उजाडला. पूल धोकादायक होता, बंद करणं भागच होतं. विद्यापीठात विद्यार्थ्यांचे अर्ज घेणाऱ्या खिडकीचं तसं नसतं. ती चालू ठेवूनही शेजारी ऑनलाइन अर्जांचं पोर्टल उभं करता येतं. तरी पोर्टल आलं की सगळ्यात आधी खिडकीवरचा माणूस हलवतात, कारण काटकसर तिथे लगेच दिसते.

‘घरबसल्या सेवा’ म्हणतात तेव्हा कुणाचं घर डोळ्यांपुढे असतं, हे मला विचारावंसं वाटतं. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तिथल्या मुलाकडे मोबाईल असतो, पण आधारला जोडलेला नंबर बऱ्याचदा वडिलांचा, आणि ते पाळीवर. ओटीपी तिकडे वाजतो, इकडे पानाची वेळ संपते. मग अर्ज भरला जातो झेरॉक्सच्या दुकानात, पैसे मोजून, कधी दुकानदाराचाच ईमेल टाकून. पुढच्या सत्राला पासवर्ड हवा असला की पुन्हा त्याच दुकानाची पायरी. खिडकीवर लागत नव्हता तो खर्च असा विद्यार्थ्याच्या खिशातून जातो आणि विद्यापीठाच्या हिशेबात कुठे दिसत नाही. नावाचंच घ्या. बारावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. आईचं वेगळ्या रकान्यात. आधारवर बहुधा आधी नाव आणि शेवटी आडनाव. विद्यार्थ्याचे शैक्षणिक क्रेडिट जमा ठेवणाऱ्या क्रेडिट बँकेचं खातं आधारवरून उघडायचं म्हटलं की माणूस एकच आणि नावं दोन, असा घोळ होतो. लग्नानंतर शिकणाऱ्या मुलीचं तर तिसरंच. महाराष्ट्रात नावं अशीच लिहितात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मग रचना करणाऱ्यांनी ते पहिल्या दिवशीच धरून चालायला हवं. पुनर्विकासात चाळ सोडून तात्पुरत्या घरात गेलेल्यांचा पत्ताही तसाच बदलता.

यावर म्हणतात, असे बदल करायला सवलत दिली की गैरफायदा घेतला जातो. गुण किंवा जन्मतारीख बदलायची असेल तर कागद तपासाच, हवं तर दोन अधिकाऱ्यांच्या सह्या घ्या. पण मोबाईल नंबर बदलायला तेवढाच कडक पहारा कशाला? धोका जेवढा, तेवढाच अडसर असावा. दुसरा आक्षेप मनुष्यबळाचा, आणि तो खोटा नाही. विद्यापीठांत पदं खरोखरच रिकामी आहेत. पण पोर्टलचा खरा उपयोग इथेच आहे. शंभरातल्या सरळ अर्जांना माणूस लागणार नाही, म्हणून अडलेल्या पाचांना तो मिळू शकेल. तो माणूस काढून टाकला की ते पाच जण विद्यापीठाच्या कलिना आणि फोर्ट संकुलांच्या चकरा मारत बसतात आणि वाचवलेलं काम तक्रारींच्या रूपाने परत येतं. खिडकीवरच्या रांगांचं मला कौतुक नाही. लोकल पकडून, अर्धी रजा टाकून एका शिक्क्यासाठी उभं राहायचं, ते दिवस परत यावेत असं कुणीच म्हणणार नाही.

म्हणून पोर्टल उभारण्याचं काम ज्यांच्या हाती आहे त्यांना माझं सांगणं आहे: पहिली चाचणी कार्यालयातल्या मोठ्या पडद्यावर घेऊ नका. संध्याकाळी साडेसातला, तडा गेलेल्या काचेच्या मोबाईलवर, मराठीतून घ्या. अर्ज अर्धवट राहिला तर भरलेला भाग तसाच जपला जातो का ते बघा. ‘अवैध माहिती’ एवढंच लिहू नका. कोणता रकाना चुकला, काय लिहायला हवं आणि तरीही जमलं नाही तर कोणत्या खोलीत किती वाजेपर्यंत माणूस भेटेल, हे त्याच पानावर येऊ द्या.