पाण्याचा ताळेबंद

बीड शहराच्या दक्षिणेस काही मैलांवर एक जुनी विहीर आहे. तिला खजाना विहीर म्हणतात. सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या अमदानीत, सलाबतखान नावाच्या सरदाराने ती बांधविली आणि तिची आखणी राजा भास्कर नावाच्या कुशल स्थपतीने केली, असे सांगतात. ह्या विहिरीत भुयारांतून पाणी येते आणि दुसऱ्या भुयारातून ते केवळ उताराच्या जोरावर शेतांकडे जाते. मोट नको, रहाट नको. सरदारापाशी सत्ता होती, द्रव्य होते. परंतु जमिनीच्या पोटातून पाण्याची वाट कोठून जाते, हे भास्करालाच ठाऊक होते. दोघांपैकी एकट्याच्या हातून ती विहीर झाली नसती.

बालमित्रांनो, त्याच बीड जिल्ह्यात आपल्या काळातही राज्यकर्ते आणि शास्त्रज्ञ ह्यांना एकत्र बसावे लागले. तसे का घडले, हे समजण्यासाठी प्रथम तेथील पावसाची रीत पाहिली पाहिजे.

बालाघाटच्या डोंगररांगेने हा जिल्हा दुभागलेला आहे. उत्तरेस गोदेकाठची काळी, सखल भूमी. वर घाटमाथ्यावर आष्टी-पाटोद्याकडील उथळ माती. सह्याद्रीने अडविलेले ढग येथवर येईतो बरेचसे रिते झालेले असतात. दुष्काळ ह्या भागाला नवा नाही. १९७२ चा दुष्काळ अनुभवलेली माणसे आजही त्या साली खडी फोडून घेतलेल्या मजुरीची गोष्ट सांगतात. परंतु अलीकडे पावसाचा लहरीपणा वाढला आहे. २०१६ साली जिल्ह्यातील धनेगाव येथील मांजरा धरण कोरडे पडले. त्या धरणावर विसंबलेल्या लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. आणि २०२५ च्या सप्टेंबरात त्याच बीड जिल्ह्यात सिंदफणेला महापूर आला व उभी पिके पाण्याखाली गेली. एकाच शेतकऱ्याने एका दशकात दोन्ही पाहिले. अशा वेळी वाडवडिलांची नक्षत्रांची गणिते अपुरी पडतात, आणि पेरणी फसली तर दुसऱ्या पेरणीचे बियाणे कर्जाने आणावे लागते. दसरा सरला की हजारो कुटुंबे कोयते घेऊन ऊसतोडीसाठी परमुलखी जातात, त्यांमागे ही फसलेली पेरणीही असते. त्यांच्याबरोबर तुमच्याच वयाची मुलेही शाळा सोडून जातात.

महाराष्ट्र शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ च्या सुमारास नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प हाती घेतला. मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातील पाच हजारांहून अधिक गावे त्यात होती. बीड जिल्हाही होता. बदलत्या हवामानात शेती टिकावी कशी, हा त्याचा हेतू. बंधारे आणि शेततळी पूर्वीही होत असत. येथे नवी गोष्ट होती ती अशी की, खोदण्याच्या आधी मोजावयाचे ठरले. हे मोजण्याचे शास्त्र पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी सिद्ध केले. त्याचे नाव मोठे साधे आहे : पाण्याचा ताळेबंद.

वाण्याच्या वहीत जशी जमा आणि खर्च अशी दोन अंगे असतात, तसाच हा हिशेब. जमेच्या बाजूस एकच रक्कम, पाऊस. एका हेक्टरावर ६०० मिलिमीटर पाऊस पडला तर किती पाणी झाले? गुणाकार करून पाहा. ६० लक्ष लिटर! दहा हजार लिटरांच्या टँकरने तेवढे पाणी आणावयाचे म्हटले तर ६०० खेपा होतील. ज्या गावात उन्हाळ्यात टँकरभोवती घागरींची रांग लागते, त्याच गावाच्या एकेका हेक्टरावर आकाशाने ६०० टँकर ओतलेले असतात.

मग ते जाते कोठे? काही ओढ्याने वाहून जाते, काही माती धरून ठेवते, काही पिके पितात, काही उन्हाने उडून जाते, आणि उरलेले खाली मुरते. खाली काळा पाषाण आहे. त्याच्या भेगांत मावेल तेवढेच पाणी तो ठेवून घेतो. दररोजचा पाऊस, मातीची खोली व पोत, जमिनीचा उतार आणि शेतातील पीक हे सर्व धरून प्रत्येक खात्यात किती पाणी गेले, ह्याचे गणित शास्त्रज्ञ मांडतात. त्यानंतर गावकरी व कृषी खात्याची माणसे मिळून शिवारफेरी काढतात आणि कोणते काम कोठे करावयाचे, ते ठरवितात.

ह्या हिशेबाने काही गोष्टी सोप्या झाल्या. परभणीच्या कृषी विद्यापीठाने सोयाबीनसाठी रुंद वरंबा व सरी ह्या पद्धतीचा प्रसार केला आहे. पावसाने ताण दिला तर सरीत मुरलेला ओलावा पिकाला तारतो. अतिवृष्टी झाली तर जादा पाणी त्याच सरीवाटे निघून जाते. हे शेतकऱ्यांना पटले, कारण ते डोळ्यांना दिसते.

उसाची गोष्ट मात्र तितकी सोपी नाही. येथे वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, त्याच्या तिपटीच्या आसपास पाणी ऊस पितो. ताळेबंदात ही तूट स्वच्छ दिसते. परंतु उसाला कायद्याने ठरविलेला भाव आहे आणि तो घेणारा कारखाना आहे. ज्वारीला तशी हमखास पेठ नाही. तेव्हा ऊस लावणाऱ्याला अडाणी म्हणणे हा अन्याय होईल. शास्त्रज्ञ तूट दाखवू शकतो. ज्वारीला पेठ मिळवून देणे हे त्याच्या हातचे काम नव्हे. ते राज्यकर्त्यांचेच काम आहे, आणि ते अद्याप पुरे झालेले नाही.

गावकऱ्यांची एक तक्रार तर शास्त्रज्ञांनाही मान्य करावी लागते. पावसाची स्वयंचलित नोंद होते ती महसूल मंडळाच्या एका ठिकाणी. आणि एका मंडळात कितीतरी गावे असतात. ओढ्याच्या अलीकडे धो धो पाऊस आणि पलीकडे धूळ, असे तुम्हीही पाहिले असेल. मग पलीकडच्या गावाचा ताळेबंद जमेच्या पहिल्याच रकमेत चुकतो.

ही उणीव थोडीबहुत भरून काढण्याचे साधन स्वस्त आहे. शाळेच्या पटांगणात, झाडांपासून आणि भिंतींपासून दूर, एक पर्जन्यमापक बसवावे. रोज सकाळी साडेआठ वाजता त्यातील पाणी मोजावे व तारीख घालून वहीत लिहावे. पाऊस पडला नाही, त्या दिवशीही रकाना मोकळा सोडावयाचा नसतो. तेथे शून्य लिहावयाचे असते.