पदार्थाची ओळख पटवताना

 

रसायनशास्त्राच्या पुस्तकांत आरंभीच एक तक्ता भेटतो. त्याच्या एका बाजूस रंग, वास, घनता, द्रवणांक, उत्कलनांक, विद्राव्यता असे भौतिक गुणधर्म आणि दुसऱ्या बाजूस ज्वलनशीलता, गंजणे, आम्लाशी होणारी अभिक्रिया असे रासायनिक गुणधर्म मांडलेले असतात, आणि हा तक्ता तोंडपाठ झाला म्हणजे प्रकरण संपले अशी विद्यार्थ्याची समजूत होऊन बसते. ही समजूत जितक्या लवकर सुटेल तितके बरे, कारण गुणधर्म म्हणजे पदार्थाला विचारलेल्या प्रश्नाचे त्याने दिलेले उत्तर होय, आणि प्रश्न कोणत्या तापमानाला, किती दाबाखाली, कशाच्या सान्निध्यात विचारला हे ठाऊक नसेल तर त्या उत्तराचा काहीच उपयोग होत नाही. भाची सानिका हिने या विषयाचा अभ्यास आता मनावर घेतला आहे असे कळते. म्हणून ज्या चार गोष्टी पुढे वर्षानुवर्षे उपयोगी पडतात त्या आरंभीच सांगून ठेवणे योग्य होईल.

ज्या गुणधर्माची परीक्षा करताना पदार्थ तोच राहतो, म्हणजे त्याचे रेणू ज्या अणूंचे आणि ज्या रचनेचे होते तसेच राहतात, तो भौतिक गुणधर्म. आणि ज्याची परीक्षा करताना पदार्थाचे दुसऱ्या पदार्थात रूपांतर व्हावे लागते, तो रासायनिक गुणधर्म. गंधकाच्या तुकड्याची घनता मोजून झाली की तोच तुकडा पुन्हा बाटलीत ठेवता येतो; पण गंधक जळते की नाही हे कळण्यासाठी ते जाळावेच लागते, आणि जाळल्यावर गंधक उरत नाही, नाकाला झोंबणारा सल्फर डायऑक्साइड वायू तेवढा तयार होतो. रासायनिक गुणधर्म असा पदार्थ खर्ची घालूनच कळतो, आणि म्हणूनच जुन्या रसायनशास्त्रज्ञांनी मौल्यवान पदार्थही जाळून पाहिले. स्मिथसन टेनंट या इंग्रज शास्त्रज्ञाने १७९७ साली हिरा जाळून त्यातून निघणारा वायू मोजला, तेव्हा तेवढ्याच वजनाचा कोळसा जाळल्यावर जितका कार्बन डायऑक्साइड मिळतो तितकाच हिऱ्यापासून मिळतो असे आढळले. काठिण्य, रंग, घनता या सर्व भौतिक गुणधर्मांत एकमेकांपासून इतके दूर असलेले हे दोन पदार्थ एकाच मूलद्रव्याची रूपे आहेत, याचा निर्णय अशा रीतीने ज्वलनाने दिला.

ही व्याख्या सोपी वाटते, पण ती लावून पाहताना नजरेची फसगत कशी होते हे कापराच्या एका वडीवरून चांगले समजते. देवघरात उघड्या ताटलीत ठेवलेली वडी काही दिवसांत झिजत झिजत नाहीशी होते, आणि आरतीच्या वेळी पेटवलेली वडीही काही क्षणांत नाहीशी होते. ताटली दोन्ही वेळा रिकामी दिसते. पहिल्या वेळी कापूर स्थायूचा थेट वायू झालेला असतो, ज्यास संप्लवन म्हणतात, आणि त्याचा प्रत्येक रेणू, ज्यात कार्बनचे १०, हायड्रोजनचे १६ आणि ऑक्सिजनचा १ अणू असतो, तो अभंग राहूनच हवेत गेलेला असतो. दुसऱ्या वेळी हे रेणू मोडून त्यांतील अणू हवेतील ऑक्सिजनशी जोडले जातात, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते, आणि न जळलेला कार्बन काजळीच्या रूपाने वर चढतो. दोहोंतील भेद पाहायचा असेल तर जे निघून गेले ते पकडले पाहिजे. शिक्षकांच्या देखरेखीखाली चिनीमातीच्या बशीत थोडा कापूर घेऊन, त्यावर काचेचे नरसाळे पालथे घालून, नरसाळ्याच्या नळीत कापसाचा बोळा बसवून बशी अगदी मंद आचेवर धरली, तर नरसाळ्याच्या थंड काचेवर पांढरे चकचकीत स्फटिक जमतात, आणि त्या स्फटिकांना कापराचाच वास येतो व ते कापरासारखेच जळतात. जळत्या वडीवर धरलेल्या थंड बशीला मात्र केवळ काळी काजळी लागते आणि तिच्यातून कापूर परत मिळत नाही.

आता हीच बशी आणि हेच नरसाळे घेऊन कापराऐवजी नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, तापवला तर काचेवर तसाच पांढरा थर जमतो, आणि बहुतेक पुस्तके त्यालाही संप्लवनच म्हणतात. वस्तुतः तापताना नवसागराचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात आणि थंड काचेपाशी ते पुन्हा एकत्र येऊन नवसागर बनतो. म्हणजे हा रासायनिक बदल आहे, आणि तो दोनदा घडतो. याची साक्ष लिटमस कागद देतो. परीक्षानळीत नवसागराच्या वर सैल काचलोकराचा बोळा बसवून वरच्या अंगाला लिटमसचे ओले कागद धरले, तर हलका अमोनिया बोळ्यातून आधी बाहेर पडून तांबडा कागद निळा करतो आणि मागून आलेला हायड्रोजन क्लोराइड दोन्ही कागद तांबडे करतो. दोन पांढरे थर डोळ्यांना सारखे दिसतात, पण त्यांच्यामागची हकीकत भिन्न आहे. रसायनशास्त्राच्या अभ्यासात ही सावधगिरी जितकी लवकर अंगी बाणेल तितका पुढचा मार्ग सुकर होतो.

म्हणूनच भौतिक आणि रासायनिक बदल ओळखण्याच्या ज्या ठोकळेबाज खुणा सांगितल्या जातात, त्यांवर सानिकाने आंधळेपणाने विसंबू नये. बदल उलटवता आला तर तो भौतिक, असे पुष्कळदा शिकवले जाते. पण लाकूड करवतीने कापले तर ते पुन्हा सांधत नाही, तरीही तो भौतिक बदल आहे, आणि पारा हवेत दीर्घकाळ तापवला तर त्याचे तांबडे भस्म, म्हणजे मर्क्युरिक ऑक्साइड, बनते व तेच भस्म अधिक तापवले तर पारा आणि ऑक्सिजन परत मिळतात, तरीही तो रासायनिक बदल आहे. १ ऑगस्ट १७७४ रोजी जोसेफ प्रीस्टली यांनी भिंगाने सूर्यकिरण एकवटून हेच भस्म तापवले आणि त्यातून निघालेल्या वायूला पुढे लव्हाझिए यांनी ऑक्सिजन हे नाव दिले. बुडबुडे आले म्हणजे अभिक्रिया झाली, हीही अशीच अर्धवट खूण आहे, कारण उकळत्या पाण्यातले बुडबुडे पाण्याच्याच वाफेचे असतात आणि खाण्याच्या सोड्यावर लिंबू पिळल्यावर येणारे बुडबुडे नव्याने बनलेल्या कार्बन डायऑक्साइडचे असतात. प्रश्न एकच विचारावा: आधीचे रेणू अजून तेच आहेत काय? बाकीच्या खुणा त्या प्रश्नाच्या उत्तराकडे बोट दाखवतात, एवढेच त्यांचे मोल.

पदार्थ ओळखण्याच्या कामी भौतिक गुणधर्म किती नेमके असतात, याचेही उदाहरण घरातच आहे. कापूर आणि कपाटातील डांबरगोळी या दोन्ही वस्तू पांढऱ्या, उग्र वासाच्या आणि हवेत झिजणाऱ्या असतात. त्यातही डांबरगोळी कधी नॅप्थलीनची असते, तर कधी पॅराडायक्लोरोबेंझीन या वेगळ्याच संयुगाची. या तिन्ही पदार्थांचे लहान तुकडे साध्या पाण्यात टाकले, तर कापूर तरंगतो आणि उरलेले दोन बुडतात. मग त्याच पाण्यात मीठ विरघळेनासे होईपर्यंत घातले, म्हणजे मिठाचे संपृक्त द्रावण केले, तर त्याची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे १.२ ग्रॅम होते, आणि सुमारे १.१५ घनतेचे नॅप्थलीन वर येते, जवळजवळ १.५ घनतेचे पॅराडायक्लोरोबेंझीन मात्र तळाशीच राहते. काहीही न जाळता, न मोडता तीन पदार्थ वेगळे ओळखता आले ते केवळ घनतेमुळे, कारण घनता तुकड्याच्या आकारावर अवलंबून नसते. वजन आणि आकारमान तुकड्यागणिक बदलतात, म्हणून त्यांवरून पदार्थ ओळखता येत नाही. घनता, द्रवणांक, उत्कलनांक हे चिमूटभर नमुन्यालाही तेच आणि पोतेभर मालालाही तेच असतात.

तरीही एका गुणधर्मावर निकाल देणे धोक्याचे असते. शेतात टाकतात तो युरिया आणि सिनॅमिक आम्ल या दोन पांढऱ्या पदार्थांचा द्रवणांक, म्हणजे स्थायू वितळून द्रव होण्याचे तापमान, जवळजवळ एकच, १३३ अंश सेल्सिअस, आहे. पण दोन्ही एकत्र खलून ते मिश्रण तापवले तर ते बऱ्याच खालच्या तापमानाला वितळू लागते, आणि एवढ्यावरून ते दोन भिन्न पदार्थ असल्याचे उघड होते. एकाच पदार्थाचे दोन नमुने मिसळले असते तर द्रवणांक हलला नसता. ज्ञात नमुन्यात अज्ञात नमुना मिसळून पाहण्याची ही रीत सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञांनी दीर्घकाळ वापरली आहे. शिवाय प्रत्येक आकड्याबरोबर परिस्थितीची नोंद हवी. पाण्याचा उत्कलनांक १०० अंश सेल्सिअस हे विधान समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबापुरते खरे आहे. सुमारे १,३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरात हवेचा दाब कमी असल्यामुळे पाणी ९५ ते ९६ अंशांच्या आसपासच उकळते. परिस्थितीवाचून लिहिलेला आकडा वहीत अर्धवटच राहतो.

या दोन जातींचे गुणधर्म व्यवहारात हातात हात घालून चालतात, आणि ते ज्यांना कळले त्यांनी पुस्तकावाचूनही मोठी कामगिरी केली आहे. तांब्यापितळेच्या भांड्यात ताक किंवा चिंचेचे सार ठेवले तर ते कळकते, कारण त्यातील आम्लामुळे धातूचे क्षार बनून पदार्थात उतरतात. म्हणून भांड्याला आतून कथलाची कल्हई करतात. कल्हईवाला भांडे भट्टीवर तापवतो, आत नवसागराची पूड टाकतो, पांढरा धूर उठतो, आणि वर सांगितल्याप्रमाणे नवसागर फुटून निघालेला हायड्रोजन क्लोराइड धातूवरचा ऑक्साइडचा मळ काढून टाकतो. मग कथील लावून कापसाच्या बोळ्याने ते चहूकडे फिरवले जाते. कथील २३२ अंशांना वितळते आणि तांबे १,०८५ अंशांना, म्हणून भांडे जागचे न हलता कथील पातळ होऊन पसरते. येथे द्रवणांक हा भौतिक गुणधर्म कारागिराला साधन देतो, आणि आंबट पदार्थांपुढे कथील फारसे बधत नाही हा रासायनिक गुणधर्म त्या कामाला प्रयोजन देतो. द्राक्षबागेत फवारण्याच्या बोर्डो मिश्रणाचेही तसेच आहे. १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद, म्हणजे तांब्याचे सल्फेट, आणि १ किलो चुना घालून केलेल्या या मिश्रणात शेतकरी लोखंडी सळई किंवा विळा काही क्षण बुडवतो, आणि त्यावर तांबूस थर चढला तर चुन्याची निवळी आणखी घालतो. लोखंड तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील असल्यामुळे ते द्रावणातील तांब्याला बाहेर काढते आणि स्वतः द्रावणात जाते. थर चढणे म्हणजे मोकळे तांबे शिल्लक असणे, आणि तसे मिश्रण कोवळ्या पानांना इजा करते. बांधावर केलेली ही परीक्षा प्रयोगशाळेतल्या परीक्षेइतकीच शास्त्रीय आहे, आणि तिच्याकडे सानिकाने आदराने पाहावे.

नोंदीतील बारकाव्याचे महत्त्व मात्र नायट्रोजनच्या घनतेच्या इतिहासाइतके दुसऱ्या कशातूनही स्पष्ट होत नाही. लॉर्ड रॅले यांना असे आढळले की, हवेतून ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि बाष्प काढून उरणारा नायट्रोजन लिटरला सुमारे १.२५७ ग्रॅम भरतो आणि अमोनियासारख्या संयुगांपासून काढलेला सुमारे १.२५१ ग्रॅम. फरक अवघा अर्ध्या टक्क्याचा होता, आणि मोजमापातील चूक म्हणून तो सोडून देणे सहज शक्य होते. पण रॅले यांनी वजने पुन्हा पुन्हा केली आणि फरक कायम राहिला. विल्यम रॅमसे यांनी हवेतील नायट्रोजन तापलेल्या मॅग्नेशियममध्ये शोषून घेतला तेव्हा मागे एक वायू उरला, जो कशाशीही संयोग पावेना. १८९४ साली या दोघांनी तो नवे मूलद्रव्य म्हणून जाहीर केला. तोच अरगॉन, जो हवेच्या जवळजवळ १ टक्का आहे. हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७८५ मध्येच असा न विरणारा छोटा बुडबुडा पाहून त्याची नोंद केली होती, पण तिचा अर्थ लागायला शंभराहून अधिक वर्षे जावी लागली. घनता या भौतिक गुणधर्माने शंका उत्पन्न केली आणि संयोग न पावणे या रासायनिक गुणधर्माने ओळख पटवली. १९०४ साली रॅले यांना भौतिकशास्त्राचे आणि रॅमसे यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे २००० साली हेलसिंकी विद्यापीठातील संशोधकांनी उणे २६५ अंशांच्या आसपासच्या थंडीत अरगॉनचे हायड्रोजन व फ्लोरिनसह एक संयुगही घडवून दाखवले; तेव्हा "संयोग पावत नाही" या विधानालाही परिस्थितीची चौकट लागतेच.

यावरून वही कशी लिहावी हे सहज ठरते. आधी जे दिसले ते लिहावे, मग जे मोजले ते एकक आणि तापमानासह लिहावे, आणि अनुमान सर्वांत शेवटी लिहावे. अपेक्षित आकडा आला नाही तर तो खोडून पुस्तकातला आकडा उतरवू नये, कारण असा खोडलेला आकडा पुन्हा तपासायला कोणालाच सापडत नाही.

राहता राहिली चव. जुन्या पुस्तकांत चवही भौतिक गुणधर्मांच्या यादीत असे, आणि १८७९ साली बाल्टिमोर येथे कॉन्स्टन्टिन फालबर्ग यांना सॅकरिनचा शोध लागला तो प्रयोगानंतर हात न धुता जेवायला बसल्यामुळे. त्या हातांवर विष असते तर शोधाऐवजी मृत्यूची नोंद झाली असती. म्हणून सानिकाने प्रयोगशाळेतील कोणत्याही पदार्थाची चव घेऊ नये, वास घ्यायचाच झाला तर हाताने वाफ थोडी नाकाकडे वळवून घ्यावा, डांबरगोळ्यांना चिमट्याने उचलावे व त्यांच्यासाठी वापरलेले भांडे स्वयंपाकघरात परत नेऊ नये, आणि प्रयोग संपल्यावर साबणाने हात धुतल्याखेरीज डब्याला हात लावू नये.