पटात बैल कोसळला तर दोष कुणाचा?

प्रश्न : आमची बैलजोडी यंदा प्रथमच शंकरपटात (बैलजोड्यांच्या शर्यतीत) उतरते आहे. काही बरेवाईट झाले तर जबाबदार कोण, मालक की धुरकरी (जोडी हाकणारा)? – एक शेतकरी, लाखनी, जि. भंडारा

उत्तर : आयोजकासह कुणीच सुटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये बैलांच्या शर्यतींना मुभा दिली, ती अटींवर. राज्याच्या कायद्यात अटी मोडल्यास ५ लाखांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद आहे. पण त्या अटींतला पशुवैद्यकाचा दाखला आधीच घेतलेला असतो, आणि जोडी पळते भर दुपारी! त्या वेळी बैलाची खबर फक्त धुरकऱ्याला, कासरा त्याच्या हातात असतो. म्हणून माझ्या मते पहिली जबाबदारी त्याचीच. तुतारी (टोचणीची काठी) घरीच ठेवा. पळण्याआधी बैल रवंथ करतो का, नाकपुडी ओली आहे का, पाय टाकताना लचकतो का, हे बघा. तोंडाला फेस, जीभ बाहेर, धाप थांबेना, तर दुसरी फेरी नाहीच. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता. घोड्यांच्या लांब पल्ल्याच्या आंतरराष्ट्रीय शर्यतीत ठरल्या वेळेत हृदयाचे ठोके मिनिटाला ६४ पर्यंत उतरले नाहीत तर घोडा बाद होतो, स्वार कितीही पुढे असो. आपल्या पटात असे तपासणी नाके नसते, तेव्हा थांबवायचे तुम्हीच. आणि शेपटी पिरगाळणाऱ्या धुरकऱ्याला जोडी देऊच नका, तो कितीही नावाजलेला असला तरी.