तहानेचे माप

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेस असलेले शिरूर आणि दौंड हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. घाटमाथ्यावर रिते झालेले ढग येथवर पोचतात, तेव्हा त्यांत देण्याजोगे फारसे उरलेले नसते. तरीही घोड व भीमा या नद्यांच्या आणि कालव्यांच्या पाण्यावर येथे उसाचे मळे उभे आहेत. दिवाळी सरली की बीडसारख्या दूरच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजूर येतात, कोप्या घालून राहतात आणि फडाफडांतून कोयते चालू लागतात.

मुलांनो, आता तीन माणसे डोळ्यांपुढे आणा. भर उन्हात उसाची मोळी डोक्यावर घेऊन चाललेली मजूर स्त्री, दौंड जंक्शनवर पंख्याखाली बसून तिकिटे देणारा कारकून, आणि वर्गात बसलेले तुम्ही. या तिघांनी दिवसभरात सारखेच पाणी प्यावे काय?

‘रोज आठ पेले पाणी प्यावे’ असे आपण नेहमी ऐकतो. या नियमाचे मूळ पुष्कळ जण एका अमेरिकी मंडळाच्या १९४५ सालच्या शिफारशीत शोधतात. प्रौढ माणसास दिवसाला सुमारे अडीच लिटर पाणी लागते, असे तीत म्हटले होते; आणि लगेच पुढे, यातील बहुतेक पाणी शिजविलेल्या अन्नातूनच मिळते, असेही म्हटले होते. लोकांनी पहिला भाग पाठ केला आणि दुसरा सोडून दिला. परीक्षेत असे करणारे विद्यार्थीही थोडे नसतात!

शरीरातील पाण्याचा हिशेब घरच्या जमाखर्चासारखा असतो. मूत्र, घाम, श्वास आणि मल या वाटांनी पाणी खर्च होते. या खर्चावर मूत्रपिंडे मोठ्या दक्षतेने लक्ष ठेवतात. प्रौढ माणसाची मूत्रपिंडे दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. पण त्यातील बहुतेक सर्व रक्तात परत पाठवून केवळ एक-दोन लिटर बाहेर टाकतात. एवढा काटकसरी कारभारी शोधून सापडणार नाही. जमेच्या बाजूला पाण्याबरोबर दूध, ताक आणि अन्न येते. शिजलेल्या भातात निम्म्याहून अधिक पाणी असते. काकडी व टरबूज यांत तर शेकडा नव्वदांहून अधिक.

नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांस अन्नासह दिवसाला २.१ लिटर आणि मुलींस १.९ लिटर पाणी पुरते, असे युरोपातील अन्नसुरक्षा संस्थेने २०१० साली ठरविले. अन्नाचा वाटा साधारण पाचवा हिस्सा धरला, तर पिण्यासाठी दीड-पावणेदोन लिटर उरते. म्हणजे आठ पेल्यांचा आकडा अगदीच खोटा नाही. पण तो सर्वांस आणि सर्व ऋतूंत सारखा लावता येत नाही. वरील माप थंड देशांतील आहे. वैशाखात शिरूरच्या मैदानावर तासभर कबड्डी खेळणाऱ्या मुलास ते कसे पुरेल?

फडातील कष्टकऱ्याच्या अंगातून तासाला एक लिटरपर्यंतही घाम जाऊ शकतो. अशा वेळी तहानेची वाट पाहू नये, दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. घामाबरोबर मीठही जाते. म्हणून भाकरीबरोबरचे मीठ घातलेले ताक तेथे फार उपयोगी पडते. एरवी मात्र निरोगी माणसास तहान ही चांगली वाटाडी आहे. मूत्राचा रंग फिकट पिवळा असला तर पाणी पुरेसे आहे असे समजावे. तो गडद झाला तर कमी पडले.

अतिरेकही घातक ठरतो. बॉस्टन येथील २००२ सालच्या मॅरेथॉन शर्यतीनंतर ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा शेकडा १३ जणांच्या रक्तातील सोडियम हा मिठातील घटक प्रमाणाखाली उतरलेला आढळला. गरजेहून अधिक द्रव पिणे हे त्याचे मुख्य कारण होते.

आता थोडे संकोचाचे, परंतु बोललेच पाहिजे असे. फडाजवळ आडोसा नसतो, म्हणून अनेक मजूर स्त्रिया तहान लागूनही पाणी पीत नाहीत. शाळेतील स्वच्छतागृह अस्वच्छ असले किंवा त्याच्या दाराला कडी नसली, की काही मुलीही तसेच करतात. त्यामुळे डोके दुखते, अभ्यासात लक्ष लागत नाही. मूत्रमार्गाचे विकार व मुतखडा होण्याचा धोका वाढतो. केरळातील शाळांत २०१९ साली पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा देण्यास प्रारंभ झाला. तशी घंटा आपल्याकडे वाजविणे अवघड नाही. तिच्याबरोबर स्वच्छतागृहात बादलीभर पाणी आणि दाराला कडी असावी लागेल. तुमच्या शाळेत या दोन्ही गोष्टी आहेत की नाहीत, हे उद्या पाहून या आणि गुरुजींना सांगा.